ओढायला त्याला आम्हीच शिकवलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात कुत्र्यांविषयी काही आलं की ते एकतर कोणालातरी चावला म्हणून येतं नाहीतर कोणाचातरी जीव वाचवला म्हणून. मधली जी कुत्री असतात, चावतही नाहीत आणि वाचवतही नाहीत, फक्त रोज सकाळी मालकाचा खांदा उखडतात, त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबलंय, जागेप्रमाणे कापा, पण साखळीचा भाग आणि शेवटची विनंती तेवढी राहू द्या.

आमच्याकडे गुंड्या आहे. नऊ आठवड्यांचा आणला तेव्हा ओंजळीत मावायचा म्हणून नाव गंमतीने ठेवलं, आता आठ महिन्यांचा आणि २२ किलोचा आहे आणि नावाला जागतोय. स्वभाव खरंतर अगदी गरीब, घरात कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण पट्टा लावून दाराबाहेर पाय ठेवला की याच्या अंगात यायचं. पुढचे दोन पाय हवेत, मान पुढे, जीभ बाहेर, घशातून खर्र खर्र आवाज आणि मागे पट्ट्याला लोंबकळत मी. "काय हो, तुम्ही त्याला फिरवताय की तो तुम्हाला?" हा विनोद करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की तो आपल्यालाच सुचला. पहिल्यांदा मी हसले होते.

सुरुवातच आमची चुकली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांपर्यंत, जिथे बाहेरची कुत्री येतात तिथे याला खाली सोडू नका, आणि ते बरोबरच होतं कारण पार्व्होचा, म्हणजे पिल्लांना जीवघेणी हगवण लावणारा, विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण आम्ही त्याचा अर्थ असा काढला की तोपर्यंत पट्ट्याचा विषयच नको. खरंतर पिल्लाचं जग ओळखण्याचं वय तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या चौदाव्या आठवड्यापर्यंतचं, ते संपत आलं की नव्या गोष्टीची भीती किंवा भलताच उत्साह वाढतो. तेव्हा त्याला कडेवर घेऊन रस्ता दाखवता आला असता, घरातल्या घरात कॉलरची सवय लावता आली असती. आम्ही काय केलं तर चार महिन्यांचा झाल्यावर एकाच दिवशी कॉलर, पट्टा, गाड्यांचे हॉर्न, मांजरं, कचऱ्याचा ढीग, सगळं एकदम. सायकल शिकवायला पोराला थेट हायवेवर नेतात का कोणी?

मग व्हायचं ते झालं. सहाव्या महिन्यात एकदा मांजर दिसलं, गुंड्या सुटला, मी पट्टा मनगटाला गुंडाळलेला (हे कधीच करू नका, अंगठ्यात अडकवा आणि मुठीत धरा), त्यामुळे सोडताही येईना. कोपरावर आपटले. पुढचे तीन आठवडे केस विंचरायला हात वर जात नव्हता. घरच्यांनी सांगितलं ट्रेनर आणा.

ट्रेनर आले. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले हा तुम्हाला लीडर मानत नाही, तुम्ही अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, बना. पिशवीतून लोखंडी साखळी काढली, ओढली की गळ्याभोवती आवळणारी, आणि शिकवलं की पुढे गेला की हिसका द्यायचा, मनगटातून, जोरात, आणि दया दाखवायची नाही. मी दिला. चार दिवस दिला, खोटं कशाला सांगू. ओढणं कमी झालं हेही खरं. पण चालणं झाल्यावर घरी येऊन तो खोकायचा, कोरडा, घशात काही अडकल्यासारखा, आणि पाचव्या दिवशी सकाळी मी खुंटीवरून साखळी काढली तर तिचा किणकिण आवाज ऐकून तो पलंगाखाली जाऊन बसला. शेपूट दोन पायांत. रोज फिरायचं नाव काढलं की गोल गोल नाचणारं कुत्रं. मी खाली वाकून बघितलं तर त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ती साखळी त्या दिवसापासून माळ्यावर आहे.

डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी आधी मलाच झापलं. श्वासनलिका मानेत कातडीच्या अगदी जवळ असते, तिच्यावर रोज हिसके बसले की खोकला येणारच, आणि लहान जातीच्या कुत्र्यांत तर ती नळी मुळातच कमजोर असू शकते. शिवाय २००६ मध्ये एक अभ्यास झालाय, त्यात कुत्र्यांनी कॉलरवर जोर लावला की डोळ्याच्या आतला दाब वाढतो असं दिसलं, तोच जोर हार्नेसवर, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांवर, लावला तर वाढला नाही. तेव्हा साध्या कॉलरवर सतत ओढणंही चांगलं नाही, साखळीचं तर सोडाच. जर्मनीने २०२२ पासून कुत्र्यांच्या ट्रेनिंगमध्ये काटेरी कॉलरवर बंदी घातली आहे, आणि वेल्समध्ये शॉक देणारे कॉलर २०१० पासून बंद आहेत.

आणि हे अल्फा प्रकरण. जरा शोधलं तर कळलं की याचं मूळ १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने पिंजऱ्यातल्या लांडग्यांचा जो अभ्यास केला त्यात आहे. कोंडलेले लांडगे एकमेकांशी भांडत होते, त्यावरून सगळ्यांनी ठरवलं की लांडग्यांत सतत सत्तेची मारामारी असते. पुढे ही कल्पना लोकप्रिय करण्यात ज्यांचा मोठा हात होता त्या डेव्हिड मीच (Mech) या लांडग्यांच्या अभ्यासकानेच जंगलातल्या लांडग्यांचं बरीच वर्षं निरीक्षण केल्यावर १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, अल्फा वगैरे शब्द तिथे बसत नाही. ज्याने सांगितलं त्यानेच मागे घेतलं, त्यालाही पंचवीसेक वर्षं झाली आणि आमच्या दारात येऊन ट्रेनर अजून तेच सांगतोय. तुमच्या पेपरातही पाळीव प्राण्यांच्या सदरात अधूनमधून हा शब्द दिसतो, तेवढा तरी काढा अशी विनंती.

गुंड्याला राज्य करायचं नव्हतं हो. त्याला फक्त समोरच्या खांबापर्यंत जायचं होतं. आणि त्यात साधा हिशोब होता, जो मला कोपर फुटून सुद्धा दिसला नाही. तो ओढायचा, मी मागून जायचे, खांब यायचा. ओढलं की खांब मिळतो! हे मीच त्याला दिवसातून दोनदा, दोन महिने, न चुकता शिकवलं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना पेट्यांत ठेवून हेच दाखवलं होतं, ज्या हालचालीने दार उघडतं ती हालचाल मांजर पुढच्या वेळी लवकर करतं. त्यात आपण माणसं ताशी चारपाच किलोमीटरने चालणार आणि कुत्र्याची आरामाची दुडकी चाल त्याहून जोरात, म्हणजे काहीच न शिकवता सोबत चाललं तर तो पुढे जाणारच. आणखी एक, पट्टा आपण मागे खेचून धरला की कुत्रा उलट पुढे रेटतो, आपल्याला कोणी मागून ढकललं तर आपण नाही का पाय रोवत, तसंच. मी घट्ट धरायचे कारण तो ओढायचा, तो ओढायचा कारण मी घट्ट धरायचे.

हे सगळं मला समजलं ते पुस्तकातून नाही, सासूबाईंमुळे. त्यांचे गुडघे दुखतात. दुपारी त्या गुंड्याला फक्त जिन्यापासून फाटकापर्यंत नेतात, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात पट्टा. मला कायम धास्ती, हा म्हातारीला पाडेल. एक दिवस खिडकीतून बघत होते. गुंड्याने ओढलं, सासूबाई थांबल्या. त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं, गुडघा साथ देईना. ओरडल्या नाहीत, हिसका नाही, कठडा धरून नुसत्या उभ्या, "तू ओढलंस की मी आपली उभी रे बाबा." गुंड्याने पुढे रेटून बघितलं, मग वळून बघितलं, मग दोन पावलं मागे आला, पट्टा सैल झाला, तशा त्या चालायला लागल्या. परत ओढलं, परत थांबल्या. फाटकापर्यंत पन्नास पावलं असतील, त्याला त्यांना दहा मिनिटं लागली, पण परत येताना हा पठ्ठ्या त्यांच्या साडीच्या निऱ्यांना चिकटून चालत होता. माझ्या हातात आला की संध्याकाळी परत तेच तांडव. म्हणजे कुत्र्याला चालता येत होतं, कोणाबरोबर कसं चालायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग मी शून्यापासून सुरुवात केली. आधी घरातच, पट्टा न लावता. मी चालायचे, तो आपणहून माझ्या डाव्या पायाशी आला की "शाब्बास" म्हणून खाऊचा अगदी छोटा तुकडा. तुकडा कुठे द्यायचा हे फार महत्त्वाचं आहे, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. समोर हात करून दिला तर कुत्रा समोर येतो आणि आपल्या पायात येतो. तो आपल्या मांडीच्या बाजूला, जवळजवळ मागेच, पायाला हात चिकटवून द्यायचा, मग त्याला तीच जागा आवडायला लागते. चार पाच दिवस हे. मग पट्टा लावून घरातच, मग जिन्यात, मग फाटकाच्या आत, आणि रस्त्यावर अगदी शेवटी, तेही जेव्हा कोणी नसतं तेव्हा. एका वेळी पाच मिनिटं, फार तर सात. पिल्लाचं लक्ष तेवढंच टिकतं, त्यापुढे दोघंही चिडतात. निघण्याआधी शू करून घ्यायची आणि थोडं खेळवायचं, कारण दिवसभर कोंडलेल्या कुत्र्याकडून शांत चालण्याची अपेक्षा करणं म्हणजे शाळा सुटल्यावर पोरांना रांगेत चाला म्हणण्यासारखं आहे.

रस्त्यावर नियम एकच, पट्टा ताणला की माझे पाय बंद. नुसतं उभं राहून काही कुत्री तशीच ताणून उभी राहतात, गुंड्या पण राहायचा, आपला लांब कुठेतरी बघत. तेव्हा मी काही न बोलता वळून उलट दिशेला चालायला लागायचे, हिसका न देता, तो धावत मागे आला आणि पायाशी पोचला की तुकडा. पहिल्या दिवशी आम्ही आमच्या रस्त्यावरच्या आठ खांबांपैकी एकही गाठला नाही. लोकांना वाटलं असेल बाईचं काहीतरी हरवलंय, दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे. तिसऱ्या दिवशी एक खांब. मधेच दोन दिवस वाया गेले कारण त्याने पट्टाच तोंडात धरून खेचाखेची सुरू केली, ते थांबवायला मी ओढलं की त्याला वाटायचं खेळ चाललाय. पट्टा हातातून ढिला सोडून गप्प उभं राहिलं की तो कंटाळून सोडतो.

सगळ्यात मोठा अडथळा गुंड्या नव्हता, आमचे चिरंजीव होते. मी सकाळी अर्धा तास थांब थांब करून जे कमवायचे ते हा संध्याकाळी कानात हेडफोन घालून, त्याच्यामागे पळत पळत, पाच मिनिटांत उडवायचा. "आई, मला कॉलेजचं असतं, एवढा वेळ नाही." आणि गंमत अशी की कधी जमतं कधी जमत नाही असं असलं तर सवय सुटण्याऐवजी आणखी पक्की होते, दहादा ओढून एकदा मिळालं तरी कुत्रा अकराव्यांदा ओढणार, लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याचं तेच असतं. खूप भांडून झाल्यावर एक तोडगा निघाला तो असा. शिकवणीच्या वेळी पट्टा हार्नेसच्या छातीवरच्या कडीला. घाईच्या वेळी, म्हणजे डॉक्टर किंवा चिरंजीव, पट्टा पाठीवरच्या कडीला, आणि तेव्हा ओढलं तरी चालेल, काही म्हणायचं नाही. कुत्र्याला हा फरक आठवडाभरात कळतो. कडी कुठली आहे त्यावरून आज शाळा आहे की सुट्टी हे त्याला समजतं, आमच्या चिरंजीवांना समजायला जास्त वेळ लागला.

हार्नेसबद्दल लोकांचा गैरसमज आहे की तो लावला की ओढणं थांबतं. बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना हार्नेसच घालतात की, पाठीवरची कडी ही ओढायला सगळ्यात सोयीची. छातीवर कडी असली तर ओढल्यावर कुत्रा आपोआप बाजूला वळतो म्हणून थोडी मदत होते, पण तीही मदतच, शिकवावं आपल्यालाच लागतं. घेताना खांदे मोकळे हलतात ना आणि पट्ट्यांखाली दोन बोटं जातात ना तेवढं बघावं, वाढत्या पिल्लाचं दर पंधरा दिवसांनी परत बघावं. आणि ते डबीतून सुटत जाणारे लांब पट्टे, बटणवाले, ते तर शिकाऊ कुत्र्याला देऊच नयेत, कारण त्यात स्प्रिंगमुळे ताण कायमच असतो आणि जोर लावला की दोर आणखी मिळतो, म्हणजे ओढण्याचं बक्षीस आपोआप. साधा दीड दोन मीटरचा पट्टा पुरतो.

एक गोष्ट मात्र मी फार उशिरा केली, ती म्हणजे हुंगू देणं. मी त्याला फिरायला नेत होते म्हणजे माझ्या मते व्यायामाला नेत होते. आपल्या नाकात वास ओळखणारे रिसेप्टर पन्नाससाठ लाख असतात म्हणतात, कुत्र्याच्या नाकात ते कोटींनी मोजतात. त्याच्यासाठी एक खांब म्हणजे सकाळचा आख्खा पेपर, कोण आलं, कोण गेलं, कोणाची तब्येत कशी आहे. आणि मी मथळाही वाचू न देता पुढे ओढत होते! आता खांब हेच बक्षीस आहे. दहा पावलं सैल पट्ट्याने चालला की "जा, हुंग" म्हणायचं आणि मग त्याचं नाक वर होईपर्यंत थांबायचं. खाऊच्या तुकड्यापेक्षा याने जास्त काम केलं, आणि पोटही बिघडत नाही.

इतकं सगळं छान जमत असताना मागच्या महिन्यात परत बिनसलं. मी म्हणते थांब, तो माझ्याकडे बघतो आणि पुढे जातो. शेजारच्या काकांनी थांब म्हटलं की शहाण्यासारखा बसतो. मला रडूच यायचं बाकी होतं. मग कळलं की न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच छापलंय, पाच महिन्यांच्या कुत्र्यांच्या तुलनेत आठ महिन्यांची कुत्री "बस" ही आज्ञा आपल्या माणसाची कमी ऐकत होती, परक्याची मात्र नाही. म्हणजे वयात येणं. मोठं झालं की हे निवळतं असंही त्यात होतं. आमच्या घरी त्याच वयाचा दुसराही एक नमुना आहे त्यामुळे मला ते लगेच पटलं. अशा वेळी नवं काही शिकवायचं नाही, परत जिन्यात, परत फाटकाच्या आत, सोप्यावर यायचं. बरीच कुत्री याच वयात लोक सोडून देतात, मोठं झालं, ऐकत नाही म्हणून, त्यांनी अजून काही महिने कळ काढली तर बरं होईल.

आता ती विनंती, रस्त्यावरून येणाऱ्या जाणाऱ्यांना. गुंड्या तुमच्याकडे ओढत येत असेल आणि मी थांबले असेन तर कृपा करून "अगं किती गोड" म्हणत पुढे येऊन त्याच्या डोक्यावर हात फिरवू नका. मला माहितीये तुम्हाला कुत्री आवडतात. पण त्या क्षणी त्याला काय कळतं तर जोर लावला की माणूस मिळतो, आणि माझे चार दिवस पाण्यात जातात. तो मागे येईपर्यंत, पट्टा लोंबेपर्यंत थांबा, मग हवे तेवढे लाड करा, त्याचं काही म्हणणं नाही. आणि "तुम्ही त्याला की तो तुम्हाला" विचारू नका.

काल सकाळी आम्ही पाच खांब गाठले. सहाव्याच्या अलीकडे कबुतरं बसली होती, तिथे मात्र अकरा मिनिटं उभे होतो, घड्याळ लावून सांगते. मागून येणारे एक गृहस्थ दोनदा विचारून गेले, ताई बरं वाटत नाहीये का, पाणी देऊ का. बरं आहे हो. रस्त्यात मधेच कोणी बाई एका हातात पट्टा धरून खांबाकडे बघत गप्प उभी दिसली तर तिला उभी राहू द्या. कबुतरं उडाली की आम्ही निघतोच.

आपली,
एक वाचक